पहिल्या मॅरेथॉनसाठी लाँग रन: किती, कसा आणि किती हळू

आठवड्यातले चार दिवस पळत असाल आणि त्यातला एखादा छोटा रन हुकला, तर मॅरेथॉनच्या तयारीला फारसा धक्का लागत नाही. लाँग रनचं, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब अंतराच्या रनचं, तसं नाही. ४२.१९५ किलोमीटर पेलायची ताकद मुख्यतः याच दिवसातून येते. नवखे धावपटू जायबंदी होतात, वैतागतात किंवा तयारी अर्ध्यावर सोडतात, तेही बहुतेक वेळा याच दिवसामुळे. अंतर झेपण्यासारखं असतं, पण वेग झेपत नाही. म्हणून सगळ्यात महत्त्वाची सूचना आधीच देतो: लाँग रन हळू पळा. इतका हळू, की पहिले काही आठवडे आपण काही करतोय की नाही अशी शंका यावी.

सुरुवात करण्याआधी

गेले तीन-चार महिने आठवड्यातून किमान तीन दिवस पळताय, आठवड्याची बेरीज २५ ते ३० किलोमीटर होते आणि १२ किलोमीटर पळून दुसऱ्या दिवशी लंगडावं लागत नाही, अशी स्थिती असेल तर पूर्ण मॅरेथॉनची तयारी सुरू करायला हरकत नाही. नसेल तर आधी हाफ मॅरेथॉन करा. घाईने मॅरेथॉन कशीबशी पूर्ण करणारे बरेच जण पुढे पळणंच सोडून देतात, आणि ते पाहून वाईट वाटतं.

चाळिशी ओलांडल्यावर बऱ्याच वर्षांनी व्यायाम सुरू केला असेल, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर अंतर वाढवण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. हे पुढे ढकलू नका.

लाँग रनने शरीरात काय होतं

हे एकदा समजलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

पळताना शरीर मुख्यतः दोन इंधनं जाळतं: स्नायूंत आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन, आणि चरबी. ग्लायकोजेनचा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो, म्हणजे १६०० ते २००० किलोकॅलरी. पळण्याचा खर्च ढोबळमानाने दर किलोमीटरला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक किलोकॅलरी. ६० किलो वजनाच्या धावपटूला पूर्ण मॅरेथॉनसाठी २५०० च्या आसपास लागणार. ही तूट बहुतेकांना ३० ते ३५ किलोमीटरच्या दरम्यान जाणवते. 'वॉल लागली' असं धावपटू म्हणतात ते यालाच. पाय शिशासारखे जड होतात, पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ) मिनिटभराने घसरतो आणि साधी बेरीज-वजाबाकीही सुचेनाशी होते, कारण मेंदूलाही साखर हवी असते.

चरबी मात्र सडपातळ माणसाच्या अंगातही अनेक मॅरेथॉनना पुरेल इतकी असते. अडचण एवढीच, की तेवढीच ऊर्जा मिळवायला चरबीला ऑक्सिजन जास्त लागतो आणि ती सावकाश जळते. वेग वाढला की शरीर ग्लायकोजेनकडे वळतं. दर आठवड्याला दोन-तीन तास आरामात पळत राहिलं की स्नायूंमधले मायटोकाँड्रिया (पेशींमधली ऊर्जा बनवणारी केंद्रं) वाढतात, केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं आणि त्याच वेगाला चरबीचा वाटा वाढू लागतो. ग्लायकोजेन साठवायची क्षमताही वाढते. यातलं काहीच एका रनमध्ये होत नाही. त्यासाठी महिने जातात.

आणखी एक गोष्ट नवख्यांना उशिरा कळते. दमसास काही आठवड्यांत सुधारतो, पण हाडं आणि स्नायुबंध त्याच्या बरेच मागे राहतात. दम लागत नाही म्हणून अंतर वाढवत नेलं, की नडगी, टाच किंवा गुडघा तक्रार करतो, तो या मधल्या फरकामुळे.

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या धावपटूंना आठवड्यातून एकदा डोंगराळ रस्त्यावर सुमारे ३५ किलोमीटर पळवत, अगदी ८०० मीटरवाल्यांनाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचं आणि मरे हॅलबर्गने ५००० मीटरचं सुवर्ण जिंकलं, तर बॅरी मॅगीने मॅरेथॉनमध्ये कांस्य मिळवलं. दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीला जे उपयोगी पडलं, ते चार-पाच तास पळणाऱ्याला किती पडेल याचा अंदाज करा.

अंतर कसं वाढवायचं

शर्यतीच्या आठवड्यासह १७ आठवडे हातात आहेत असं धरू. दर आठवड्याचा लाँग रन किलोमीटरमध्ये असा ठेवा:

१४, १६, १८, १४
२०, २२, २४, १८
२६, २८, २२, ३०
२४, ३२, २०, १२, आणि मग शर्यत.

मधूनमधून आकडा खाली येतो, तो मुद्दाम. आधीच्या आठवड्यांचा ताण याच काळात भरून निघतो आणि शरीर खऱ्या अर्थाने मजबूत होतं. 'या वेळी पाय छान वाटतायत' म्हणून हा उतरता आठवडा गाळायचा मोह होतोच. गाळू नका. पाय छान वाटतायत ते त्याच्यामुळेच.

एखादा लाँग रन हुकला तर पुढच्या आठवड्यात सरळ ठरलेला आकडा पळा, हुकलेलं अंतर त्यात मिळवू नका. सलग दोन हुकले तर शेवटी नीट पूर्ण केलेल्या अंतरापासून पुन्हा सुरू करा आणि गरज पडली तर ३२ चा आकडा सोडून द्या. ३० वर थांबूनही मॅरेथॉन होते.

अंतराबरोबर वेळेचीही मर्यादा पाळा. प्रशिक्षकांमध्ये यावर मतभेद आहेत. कुणी अडीच तासांवर थांबायला सांगतं, कुणी साडेतीनवर. पहिल्या मॅरेथॉनसाठी साडेतीन तास ही वरची रेघ मला योग्य वाटते. किलोमीटरला ८ मिनिटं लागत असतील तर ३२ किलोमीटरला सव्वाचार तास लागतील. त्यातल्या शेवटच्या पाऊण तासाचा फायदा कमी आणि त्यातून सावरायला लागणारे दिवस जास्त. अशा धावपटूने २६ किलोमीटरवर थांबावं, आणि त्यात कमीपणा मानू नये.

लाँग रन आठवड्याच्या एकूण अंतराच्या निम्म्याहून जास्त होत असेल, तर मधल्या दिवसांचे रन थोडे वाढवा. आठवडाभर खुर्चीत बसून एकाच दिवशी २८ किलोमीटर पळण्याची किंमत शरीर वसूल करतं.

किती हळू?

सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यांत बोलता आलं पाहिजे. दोन शब्द बोलून श्वास घ्यायला थांबावं लागत असेल तर वेग जास्त आहे. एकटे असाल तर एखादी कविता किंवा पाढा मोठ्याने म्हणून बघा. मनगटावरच्या घड्याळापेक्षा ही कसोटी जास्त भरवशाची आहे.

आकड्यांतच हवं असेल तर: साडेचार तासांत मॅरेथॉन करायची म्हणजे किलोमीटरला साधारण ६:२४ चा पेस. लाँग रन त्यापेक्षा ४५ ते ७५ सेकंदांनी हळू, म्हणजे ७:१० ते ७:४० च्या दरम्यान. लक्ष्य पाच तासांच्या पुढचं असेल तर शर्यतीचा पेस मुळातच सावकाश असतो, तिथे ३० ते ४५ सेकंदांचा फरक पुरतो.

दोन तास उलटल्यावर त्याच पेसला हृदयाचे ठोके वाढलेले दिसतील, गरमीत तर मिनिटाला १०-१५ सहज. घामातून पाणी जातं, थंडाव्यासाठी रक्त त्वचेकडे वळतं, आणि हृदयाला तेवढं काम करायला जास्त वेळा धडकावं लागतं. अशा वेळी पेस धरून ठेवायचा अट्टहास सोडा आणि श्रम सारखे ठेवा. ऊन आणि दमटपणा असेल त्या दिवशी सुरुवातीपासूनच सावकाश निघा.

ग्रुपसोबत पळण्याने कंटाळा येत नाही, सुरक्षितही वाटतं. पण ग्रुपमध्ये पेस गुपचूप वाढतो. कुणीतरी अर्धं पाऊल पुढे पळतं, दुसरा त्याला गाठतो, आणि पाच किलोमीटरनंतर सगळेच शर्यतीच्या पेसवर असतात. आपल्याहून थोडं हळू पळणारा सोबती शोधा.

पळणं आणि चालणं आलटून पालटून करण्याची पद्धत नवख्यांसाठी उत्तम आहे. नऊ मिनिटं पळून एक मिनिट चाला, किंवा चार मिनिटं पळून एक मिनिट. अट एकच: पहिल्या आवर्तनापासून चालायचं, पाय ताजे असतानाच. दमल्यावर चालायला लागलं की ती विश्रांती उरत नाही, नुसती माघार होते.

रस्ता, बूट, कपडे

७-८ किलोमीटरचा एखादा फेरा निवडा आणि तो तीन-चार वेळा करा. पाणी, जेल (पळताना खायचं, पाकिटातलं दाट गोड मिश्रण), टॉवेल एकाच ठिकाणी ठेवता येतात, आणि काही बिनसलं तर परतायला पंधरा किलोमीटर चालावं लागत नाही. दर फेरीला 'आता पुरे' म्हणायचा मोह होतो, हे खरं. तोही सराव उपयोगी आहे. वाहनांचा रस्ता असेल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने पळा. अंधार असेल तर चमकणारी पट्टी किंवा दिवा हवाच. कानांत काही घालायचंच असेल तर एक कान मोकळा ठेवा. कुठे जाताय आणि कधी परतणार, हे घरी सांगून निघा.

रस्त्याच्या कडेचा उतार दिसत नाही, पण तीन तास एकाच बाजूला कललेल्या रस्त्यावर पळलं की गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागते. सपाट भाग शोधा.

बुटांत अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, कारण लांब पळताना पाऊल फुगतं. काळं पडलेलं नख बहुतेकदा आखूड बुटाची देणगी असते. बुटांची जोडी साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकते. नवा बूट आधी दोन-तीन छोट्या रनना वापरा आणि मगच लाँग रनला काढा. मोजे आणि टीशर्ट सुती नकोत, ते घामाने ओले होऊन घासतात. जांघा, काखा, स्तनाग्रं आणि ब्राच्या पट्टीखाली पेट्रोलियम जेली भरपूर लावा. १५ किलोमीटरला जे जेमतेम जाणवतं, त्याची २५ ला साल निघालेली असते, आणि ते कळतं अंघोळीचं पाणी अंगावर पडल्यावर.

आदला दिवस आणि सकाळ

आदल्या दिवशी पायांचा जड व्यायाम नको. रात्री ओळखीचं, पचायला हलकं, कर्बोदकं जास्त आणि तेल-तूप कमी असलेलं जेवा. नवा पदार्थ करून बघायची ही रात्र नव्हे. कपडे, बूट, जेल, बाटली, सगळं झोपण्यापूर्वी काढून ठेवा. पहाटेच्या अंधारात मोजा शोधण्यात अर्धा उत्साह जातो. निघण्याच्या दीड-दोन तास आधी केळं किंवा ब्रेडसारखं काहीतरी खा. शर्यतीच्या दिवशी जे खाणार तेच खा. पोट साफ होण्याची वेळही याच सवयीतून ठरत जाते.

पळताना काय खायचं-प्यायचं

दीड तासापेक्षा मोठ्या प्रत्येक रनमध्ये खाण्याचा सराव करा. भूक लागेपर्यंत थांबू नका. तोवर उशीर झालेला असतो. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हे लक्ष्य ठेवा. एका जेलमध्ये बहुधा २० ते २५ ग्रॅम असतात, पाकिटावर बघून घ्या. मध्यम आकाराच्या केळ्यातही साधारण तेवढीच. पहिलं जेल ३५-४० मिनिटांवर, पुढचं दर ३५ मिनिटांनी, म्हणजे तीन तासांना चार. जेलवर साधं पाणी प्या. वरून स्पोर्ट्स ड्रिंक घेतलं तर पोटात साखर दाट होते आणि मळमळतं.

पहिल्या काही वेळा पोट कुरकुरेल. आतड्यांनाही सरावाने हे जमायला लागतं, म्हणून अर्ध्या जेलपासून सुरुवात केली तरी चालेल. हातांचाही सराव लागतो. २४ व्या किलोमीटरला घामाने निसरडी झालेली बोटं पाकिटाच्या त्या छोट्याशा खाचेवरून तीनदा सटकतात, शेवटी दातांनी फाडावं लागतं, आणि निम्मं जेल मनगटावर ओघळतं. घरून निघतानाच पाकिटाचं टोक किंचित फाडून ठेवलं की हा प्रश्न मिटतो.

पाणी तहान लागेल तसं, घोटाघोटाने प्या. किती घाम जातो हे मोजणं सोपं आहे. निघण्याआधी आणि परतल्यावर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. समजा ६२ किलोचे ६०.८ झाले आणि दोन तासांत ८०० मिलिलिटर पाणी प्यायलात, तर घाम गेला दोन लिटर, म्हणजे तासाला एक लिटर. तो सगळा भरून काढायचा नसतो. थोडं वजन घटलेलं चालतं. वजन वाढलं असेल, तर मात्र पाणी जास्त झालं. रक्तातलं सोडियम घसरतं, डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस गोंधळतो आणि प्रसंगी जिवावर बेततं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपल्यावर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी आढळलं. पळताना वजन वाढलेल्यांना आणि चार तासांपेक्षा जास्त वेळ लागलेल्यांना हा धोका अधिक होता. म्हणजे 'दिसेल तिथे पाणी प्या' हा सल्ला सगळ्यात घातक ठरतो तो आपल्यासारख्या सावकाश पळणाऱ्यांनाच. लांबच्या रनमध्ये घाम खारट येत असेल, टोपीवर पांढरे डाग पडत असतील, तर साध्या पाण्यासोबत इलेक्ट्रोलाइटही (सोडियमसारखे क्षार) ठेवा.

प्रत्यक्ष पळताना

पहिले तीन किलोमीटर अगदी सावकाश. वॉर्मअप त्यातच होतो. पुढे पाऊल आखूड ठेवा, खांदे अधूनमधून सैल सोडा, मुठी आवळू नका. मधला टप्पा बहुतेक वेळा निवांत जातो, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

खरं काम २४-२५ किलोमीटरनंतर. इथे आपल्या पावलांचा आवाज ऐका. सुरुवातीला हलकी टपटप असते, आता पाऊल फरफटत, आदळत पडायला लागतं. कंबर खचते, डोकं पुढे झुकतं. अशा वेळी वेग वाढवायला जाऊ नका. पावलं थोडी आखूड आणि चटचट टाका, नजर जमिनीवरून उचलून वीस-तीस मीटर पुढे न्या. दमलेल्या शरीराने नीट पळायला शिकणं हेच या किलोमीटरांचं काम आहे. पोटरीत गोळा यायला लागला तर थांबा, हलका ताण द्या, चाला, मग पुन्हा सुरू करा.

२६ च्या पुढच्या एक-दोन रनमध्ये, सगळं ठीक असेल तर, शेवटचे पाच किलोमीटर शर्यतीच्या पेसने पळून बघा. दर आठवड्याला नको.

कधी थांबायचं

छातीत दुखणं किंवा दडपण, चक्कर, धडधड अनियमित होणं, यांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांकडे जा. उन्हात असंबद्ध बोलणं, झोकांड्या जाणं ही उष्माघाताची खूण आहे. सोबत्याला असं झालं तर सावलीत नेऊन, मिळेल तितक्या थंड पाण्याने अंग भिजवत राहा आणि ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवा. हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी ठरावीक जागी दुखत असेल, आणि पळताना ते वाढत जात असेल, तर तो स्ट्रेस फ्रॅक्चर (वारंवारच्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर) असू शकतो. दोन्ही मांड्या सारख्या दुखत असतील तर बहुधा नुसता थकवा. दुखण्यामुळे चाल बदलली की रन संपला असं समजा.

पळण्यापूर्वी किंवा पळताना आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. पाणी कमी झालेल्या शरीरात त्या मूत्रपिंडांवर आघात करतात, आणि थांबायला सांगणारं दुखणंही झाकतात. नंतर लघवी गडद तपकिरी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

तयारीच्या काळात मासिक पाळी लांबली किंवा थांबली, तर 'पळण्याने होतं असं' म्हणून सोडून देऊ नका. श्रमांच्या मानाने खाणं कमी पडतंय, याची ती खूण असू शकते, आणि त्याचा परिणाम हाडांपर्यंत जातो.

संपल्यावर

एकदम बसू नका, दहा मिनिटं चाला. तासाभरात कर्बोदकं आणि २०-२५ ग्रॅम प्रथिनं पोटात जातील असं खा. भूक नसेल तर प्या. त्या रात्री नेहमीपेक्षा लवकर झोपा. दुसऱ्या दिवशी विश्रांती किंवा अर्धा तास चालणं; ताणाचे, वेगाचे रन किमान दोन दिवस नकोत. जिने उतरताना कठडा धरावा लागत असेल तर आदला रन जास्त वेगाने झाला होता.

वहीत चार ओळी लिहा: अंतर आणि वेळ, हवामान, काय खाल्लं आणि कधी, कुठे घासलं किंवा दुखलं.

शेवटचे तीन आठवडे

३२ चा रन शर्यतीच्या तीन आठवडे आधी येतो आणि मग अंतर उतरतं. 'उरलेले दहा किलोमीटर कसे होणार?' हा प्रश्न प्रत्येकालाच पडतो. ३२ चा रन दमलेल्या पायांवर केलेला असतो. शर्यतीला तीन आठवड्यांचा ताजेपणा आणि भरलेला ग्लायकोजेनचा साठा असतो. या दिवसांत अंग जड वाटतं, नसलेली दुखणी जाणवतात, आणि मध्येच एक २६ चा रन उरकून घ्यावा असं वाटतं. आता त्याचा फायदा शर्यतीपर्यंत पोचणार नाही, थकवा मात्र पोचेल.

२० किलोमीटरचा रन शर्यतीच्याच बुटांत, कपड्यांत, त्याच न्याहारीवर आणि त्याच जेलवर करा, आणि जमलं तर शर्यत ज्या वेळी सुटणार त्याच वेळी. त्यातले मधले आठ किलोमीटर ठरवलेल्या मॅरेथॉन पेसने पळा. त्या आठ किलोमीटरांत छोटी वाक्यं बोलता आली तर लक्ष्य बरोबर आहे. तोंडातून शब्द फुटत नसेल तर लक्ष्य किलोमीटरमागे १५ ते २० सेकंदांनी सैल करा, नवे स्प्लिट (ठरावीक टप्प्यांच्या वेळा) कागदावर लिहा, आणि शर्यतीच्या पहिल्या १० किलोमीटरला त्याहूनही पाच सेकंद हळू निघा.